आग्रा रोडचं पाणी

माझ्या आईचे वडील मैलकुली होते. हा शब्द आता फोड करून सांगावा लागतो. रस्त्याच्या ठरावीक मैलांची निगा राखायला सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसं असत, ते मैलकुली. पुढे मैल गेले, किलोमीटर आले, दगडांवरचे आकडे बदलले. पण किलोमीटरकुली असं काही कुणी झालं नाही. आजोबांच्या वाट्याला घोटीच्या अलीकडचा-पलीकडचा आग्रा रोड आला होता. आजी त्याला नुसतं ‘सडक’ म्हणायची. ‘सडकेला गेलेत’ म्हणजे आजोबा कामावर आहेत.

सडकेला ते बरंच काही करत. साइडपट्टीवर मुरूम टाकायचा, खड्ड्यात खडी-डांबर भरायचं, वाढलेली झुडपं तोडायची, झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढायचे. पण तुमचं काम काय म्हणून विचारलं, तर उत्तर एकच असायचं, ‘पाणी काढून द्यायचं.’ रस्ता मधोमध जरासा फुगीर का असतो, बाजूचा चर कुठे उतरतो, मोरीचं तोंड पालापाचोळ्यानं बुजलं तर पहिल्याच पावसात काय होतं, हे त्यांना पाठ होतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: गाडीनं रस्ता झिजतो, पाण्यानं मरतो. लहानपणी हे मला म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं. या रस्त्यानं शेवटपर्यंत जाऊन आल्यावर ते पुन्हा आठवलं.

आजोबा स्वतः चांदवडच्या रेणुकादेवीच्या पुढे कधी गेले नाहीत. आग्रा नावाचं गाव खरंच आहे की नुसतं सडकेला नाव द्यायचं म्हणून दिलंय, अशी शंका त्यांना असावी.

गेल्या ऑगस्टमध्ये लेकीला ग्वाल्हेरला प्रवेश मिळाला. सामान इतकं होतं की गाडीनंच जायचं ठरलं. नवऱ्याला सुटी नव्हती. मी गाडी चालवते, पण ठाणे ते ग्वाल्हेर म्हणजे हजार किलोमीटर, ते घरात कुणाला पटेना. मग घोटीहून मामाचा फोन आला. मामानं ३० वर्षं या रस्त्यावर ट्रक चालवला. पिंपळगावचा कांदा इंदूरला, येताना बटाटा. कधीमधी थेट आग्र्यापर्यंत. आता वय ६८, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. “गाडी तू चालव,” तो म्हणाला, “मी नुसता बसतो. पण घाटात मी सांगीन तो गिअर टाकायचा.”

ठाण्याहून निघाले तेव्हा समृद्धी महामार्गानं यायचं की जुन्या घाटानं, असा प्रश्न होता. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता पुरा झाला. कसाऱ्याच्या डोंगराच्या पोटातून जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा आहे. आत शिरलात की दिवे, पंखे आणि एकसारखा आवाज. बाहेर आलात की इगतपुरी. मी एकदा त्यातून गेले होते आणि मामाला कौतुकानं सांगितलं होतं. त्यावर तो एवढंच म्हणाला, “मंग कान कुठं बसले तुझे?” चढताना कानात दडे बसतात, त्याबद्दल विचारत होता.

तेव्हा या खेपेला जुना घाट. शहापूर सोडल्यावर डोंगर अंगावर यायला लागतो. शेजारून रेल्वे चढते. कसारा-इगतपुरीचा तिचा चढ १:३७ म्हणजे ३७ फूट पुढं गेल्यावर एक फूट वर. माणसाला हा चढ काहीच वाटणार नाही, पण तिथं आगगाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात. कातळाच्या काळ्या भिंतींवरून पांढरे धबधबे थेट रस्त्यावर येत होते. धुकं इतकं की पुढच्या टेंपोचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. लेक मोबाइल खिडकीबाहेर धरून चित्रण करत होती. माझी नजर मात्र, का कोण जाणे, बाजूच्या गटाराकडे होती. ते तुंबलेलं नव्हतं. बरं वाटलं.

मामा घोटीच्या फाट्यावर छत्री घेऊन उभा होता. मांडीवर पिशवी, पिशवीत घरचं पाणी भरलेल्या चार बाटल्या. “मामा, वाटेत पाणी मिळतं हो आता.” “मिळतं. पण कसलं मिळतं ते बघ पुढं.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला त्या रात्री इंदूरच्या लॉजवर मोबाइलवरच्या नकाशात बोट फिरवताना कळली. माझा भूगोल दहावीला सुटला, पुढे बँकेत आकडेच आले. पण त्या नकाशात दिसलं ते असं: कसारा घाटाच्या खाली पडणारा पाऊस भातसाकडे जातो, भातसा धरणातून मुंबईच्या नळाला येतो, उरलेला अरबी समुद्राला मिळतो. घाटमाथ्यावरून पाच-सात मैल पुढे पडलेला पाऊस दारणेत जातो. दारणा गोदावरीला, गोदावरी पैठणच्या जायकवाडीला, आणि तिथून सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. एकाच ढगातले दोन थेंब, मध्ये एक टेकाड. दुष्काळी वर्षात नाशिक आणि मराठवाडा याच पाण्यावरून भांडतात, आणि त्या भांडणाचा उगम आजोबांच्या मैलांपासून हाकेच्या अंतरावर आहे.

घोटीला भाताची आवणी संपत आली होती. बाया इरलं सोडून प्लॅस्टिकचे कागद पांघरून वाकलेल्या. इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मालेगावला पाच-सहाशे. दोन्ही एकाच रस्त्यावर, एकाच जिल्ह्यात, जेमतेम अडीच तासांच्या अंतरावर. नाशिकच्या अलीकडे मी वायपर बंद केला तो पुन्हा लागला नाही. उड्डाणपुलावरून गोदावरी कधी गेली ते लेकीला कळलंही नाही. तिनं विचारलं तेव्हा आम्ही आडगावच्या पुढे होतो. मग ओळीनं द्राक्षबागा, पिंपळगावला टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपची रांग, कांद्याच्या चाळी, आणि चांदवड जवळ येता येता नुसता मका आणि बाजरी. जमीन अशी पटकन पेहराव बदलते की गाडीचा वेग कमी करावासा वाटतो. मामा मात्र म्हणाला, “थांबू नको. राहुड घाटात ट्रक आडवा झाला तर दोन तास गेले.”

चांदवड आणि राहुड घाट म्हणजे सातमाळ्याच्या रांगेतली खिंड. ती उतरली की पाण्यानं पुन्हा तोंड फिरवलेलं असतं. मालेगावची मोसम गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि तापी पश्चिमेला. म्हणजे पुन्हा अरबी समुद्र. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये दोनदा समुद्र बदलला आणि आम्ही तिघांनी त्या वेळात फक्त एकदा चहा घेतला.

मामाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “घाट म्हणजे तेच की. नायतर सरकारनं उगाच चढवलं असतं का रस्त्याला?” त्याच्या मनात हा रस्ता म्हणजे घाटांची माळ. कसारा, राहुड, बिजासन, गणपती घाट. मधलं सपाट रान हे नुसतं वेळ काढायचं. ट्रकवाल्याला घाट पोटऱ्यांत आणि ब्रेकच्या वासात लक्षात राहतो. माझ्या नकाशात तेच घाट पाण्याच्या वाटण्या होते.

धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला अगदी रस्त्याला चिकटून उभा आहे. इथून पुढचं खानदेश मला लहानपणी कंटाळवाणं वाटायचं. सपाट, काळं, उन्हात पांढरं पडलेलं. ऑगस्टात ते कापसानं हिरवं होतं. काळ्या मातीचा स्वभाव मामानं सांगितला. पाणी प्यायली की फुगते, वैशाखात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला रस्ता वर्षभर खाली-वर होत राहतो. “काळ्या रानात रस्ता झोपत नाय,” असं आजोबा म्हणायचे म्हणे. म्हणून तिथं आधी ती माती खणून काढायची, मग मुरूम भरायचा, मगच खडी. जिथं हे नीट झालेलं नाही तिथं नवीन चौपदरीवरही गाडी होडीसारखी डुलते. आम्ही बऱ्याच ठिकाणी डुललो.

सावळद्याला तापी ओलांडली. ती दोन्ही काठ भरून, चहाच्या रंगाची वाहत होती. पुलावर कुणी बोललं नाही. ऑगस्ट महिना आणि भरलेली नदी म्हटलं की २०१६ मधली महाडची रात्र आठवतेच; २ ऑगस्टला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या त्याच्याबरोबर गेल्या. तो मुंबई-गोवा रस्ता. त्या रस्त्याबद्दल मी इथे आणखी लिहिणार नाही, तो रडण्याचा वेगळा विषय आहे. पण कोकणातला रस्ता आणि हा रस्ता यांत मोठा फरक आहे. तिकडे सह्याद्रीतून समुद्राकडे धावणारी प्रत्येक नदी रस्त्याला आडवी येते. रस्ता उत्तर-दक्षिण, नद्या पूर्व-पश्चिम, पावलापावलाला पूल. आग्रा रोड मात्र मधले मधले डोंगर चढून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरतो. त्याला पुलांपेक्षा घाट जड.

तापी ओलांडली की शिरपूर. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी इथले नाले खोल-रुंद करून, जागोजाग बांध घालून पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून त्याचं नाव झालं. काहींनी टीकाही केली. रस्त्यावरून त्यातलं फारसं दिसत नाही. दिसतात ती फक्त ऑगस्टातही तुडुंब असलेली चौकोनी डबकी, आणि त्यांच्या काठावर धुणी. मला राहून राहून वाटलं, आजोबांनी जन्मभर पाणी काढून दिलं आणि इथं कुणीतरी जन्म घातला ते थांबवायला. दोन्ही कामं सारखीच बिनबोभाट.

बिजासनच्या घाटात मामानं गाडी थांबवायला लावली. बिजासन मातेचं देऊळ ट्रकवाल्यांचं. नारळ फोडला, गाडीच्या बोनेटला कुंकू लावलं, आणि देवळामागच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. “अजून गोड हाय,” म्हणाला. पाणी जोखायची त्याची साधी परीक्षा होती: साबणाला फेस येतो का, आणि डाळ शिजते का. घोटीचं पाणी हलकं, त्यात तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी. खाली खानदेशात जरा जड. आग्र्याकडे तर अंघोळ करून उठलं तरी अंग साबणाचं वाटतं, इतकं खारं. ३० वर्षांत या माणसानं १२०० किलोमीटरच्या देशाचा एक नकाशा जिभेवर तयार केला होता.

सातपुडा उतरलो, सेंधवा, जुलवानिया, आणि दुपारी चार वाजता खलघाट. नर्मदा. इथं मामानं खिशातून रुपया काढला, पुलावरून टाकला, आणि नुसतं “नर्मदे हर” म्हणाला. परिक्रमावासी दिसले नाहीत. चातुर्मासात परिक्रमा थांबते. तापी आणि नर्मदा दोघी पश्चिमेला जाणाऱ्या, मध्ये सातपुडा. म्हणजे बिजासनच्या घाटात समुद्र बदलत नाही. हे सांगितल्यावर मामा खुश झाला, त्या देवीवर त्याचा जीव.

नर्मदेनंतर विंध्याचा चढ. मानपूरकडून खाली धामनोदला उतरणारा गणपती घाट बरीच वर्षं कुप्रसिद्ध आहे. डिझेल वाचवायला चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेक तापतात, आणि मग गाडी कुणाचीच राहत नाही. आम्ही चढत होतो, समोरून उतरणारे ट्रक दिसत होते. मामा आपला उजवा पाय गाडीच्या तळाशी दाबून बसला होता, जणू त्यांचे ब्रेक तोच लावत होता. “तुम्ही कधी न्यूट्रल मारला का हो?” लेकीनं विचारलं. “पहिल्या वर्षी. एकदा. मंग गाडी थांबल्यावर माझे पाय थांबंनात.” पुढे तो त्याबद्दल काही बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चढ संपतो तिथून जवळच जानापाव नावाचा डोंगर आहे. माळव्यातल्या उंच डोंगरांपैकी एक. परशुरामाचं जन्मस्थान मानतात. चंबळ नदी याच डोंगरात उगम पावते. इथं तिसऱ्यांदा पाण्यानं तोंड फिरवलं: डोंगराच्या दक्षिणेचं पाणी नर्मदेला, उत्तरेचं चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला. मी तेव्हा एवढंच म्हटलं होतं की चंबळ आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

इंदुरात या रस्त्याला एबी रोड म्हणतात. आग्रा-बॉम्बे. आपल्याकडे मुंबई-आग्रा, तिथं आग्रा-बॉम्बे. ज्याला जे टोक जवळ वाटतं ते आधी असावं म्हणावं, तर इंदूरला मुंबई जवळ आहे. आमच्या मुंबईत या रस्त्याचा शीव ते मुलुंडचा तुकडा आता लालबहादूर शास्त्री मार्ग झाला, पण घाटकोपर-भांडुपची म्हातारी माणसं अजून आग्रा रोडच म्हणतात. सरकारदरबारी तर २०१० मध्ये देशभर नवे नंबर आले. पूर्वी हा सगळा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता, सुमारे ११६० किलोमीटरचा. आता नाशिक ते धुळे ६०, धुळ्यापासून ब्यावऱ्यापर्यंत ५२, तिथून ग्वाल्हेरपर्यंत ४६, आणि पुढे आग्र्यापर्यंत ४४. तीन नंबर गेला अटारीहून लेहला. पुण्याहून बंगळुरूला जाणाऱ्या रस्त्याचा जुना चार नंबर तर अंदमानला पाठवला. आधी माणसं जायची, आता नंबर गेला. नव्या पद्धतीला शिस्त आहे, हे मान्य. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. पण मामाला नंबर सांगितला की तो विचारतो, “म्हंजी कोणती सडक?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघालो. या रस्त्यावर एकेकाळची मराठी संस्थानं ओळीनं बसली आहेत: इंदूरला होळकर, देवासला पवार, ग्वाल्हेरला शिंदे, आणि चांदवडलाही अहिल्याबाईंचा रंगमहाल. महू, जिथं १८९१ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, तेही इंदूरच्या आधी याच सडकेच्या कडेला आहे. इथं घोड्याच्या टापा, तिथं फौजेची छावणी. रस्ता इंग्रजांनी बांधला तरी वाट त्यांनी शोधलेली नाही. खिंडी ठरलेल्या, नदीचे उतार ठरलेले. मग कुणीही आलं तरी त्याच वाटेनं जाणार.

देवासच्या अलीकडे क्षिप्रा ओलांडली. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ अशी माळव्याची ख्याती. पण क्षिप्रा आटली. २०१४ पासून नर्मदेचं पाणी पंपांनी साडेतीनशे मीटर वर उचलून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडतात. त्याच पाण्यात २०१६ च्या सिंहस्थाची स्नानं झाली. म्हणजे जी वाटणी विंध्यानं केली होती ती माणसानं मोडली. पश्चिमेला निघालेलं पाणी विजेच्या जोरावर घाट चढून पूर्वेला चाललंय. चांगलं का वाईट, मला ठरवता येत नाही. मामा म्हणाला, “लाइट गेली की?”

शाजापूरच्या आसपास कर्कवृत्त ओलांडलं. लेकीनं जाहीर केलं, आम्ही दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. सोयाबीन. पुढेही सोयाबीन. सारंगपूर, पचोर, ब्यावरा, सगळीकडे तेच हिरवं, तेच काळं. या पट्ट्याबद्दल लिहायला माझ्याकडे फार नाही. मामा झोपला होता, लेक कानांत गाणी घालून बसली होती, आणि मी एका टँकरच्या मागे दोन तास होते.

गुना मागे पडल्यावर मात्र काहीतरी बदललं, आणि काय ते मला पटकन सांगता येईना. मग लक्षात आलं, दगड. कसाऱ्यापासून इथवर खणीत, कुंपणात, पुलाच्या कठड्यात, रस्त्याच्या खडीत सगळीकडे आपला काळा पाषाण होता. लाव्ह्याचा दगड. शिवपुरीकडे तो संपला आणि गुलाबी, पिवळसर, थरांचा वाळूचा दगड सुरू झाला. सातशे-आठशे किलोमीटर सोबत केलेलं माणूस मध्येच कुठेतरी न सांगता उतरून जावं तसं झालं. घरांच्या छपरांवर फरशा, शेताला उभ्या फरशांची कुंपणं. मामाला विचारलं. “हितून खडी बदलते. टायरचा आवाज बी बदलतो,” तो म्हणाला. आवाज खरंच बदलला होता की त्यानं सांगितलं म्हणून मला तसं वाटलं, कोण जाणे.

शिवपुरीला तात्या टोपेंचं स्मारक आहे. १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना इथं फाशी दिलं. जन्म आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. आम्ही पाच मिनिटं थांबलो. दुपारचं ऊन, एक चौकीदार, दोन कुत्री. लेकीनं हात जोडले. मामानं टोपी काढली, आणि गाडीत बसताना म्हणाला, “लांब आला व्हता बिचारा.”

ग्वाल्हेरला लेकीला सोडलं. त्याबद्दल काही लिहीत नाही. खोलीतल्या नळाला साबण लावून मामानं फेस पाहिला आणि तिला डाळ भिजत घालून शिजवायला सांगितली, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. सकाळी चहा घेताना मामा म्हणाला, “आग्रा सव्वाशे किलोमीटर राहिलं. बाबांची सडक कुठं संपती ते बघून येऊ.” मीही तेच म्हणणार होते.

ग्वाल्हेर ते आग्रा हा रस्ता आता ४४ नंबरचा, श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा, देशातला सर्वांत लांब. नागपूरच्या वर पेंचच्या जंगलात हाच रस्ता वाघांसाठी नऊ ठिकाणी खांबांवर उचललाय; खालून वाघ, रानकुत्री, चितळ जातात आणि तिथल्या कॅमेऱ्यांत ती टिपली गेली आहेत. इथं मुरैन्याच्या पुढे मात्र जमीन स्वतःच खाली गेलीय. बीहड. मऊ गाळाची माती, तिला पावसानं हजारो वर्षं ओरखडलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घळींचं जाळं, मातीचे सुळके, त्यांवर बाभळी. डाकूंच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. मला मात्र तिथं डाकू आठवले नाहीत. पाण्याला कुणी वाट काढून दिली नाही, तर ते स्वतः कशी काढतं, ते डोळ्यांपुढे होतं. मैलांच्या मैल. मामा खिडकीला नाक लावून बघत होता. “बाबांना दाखवायला पायजे व्हतं,” तो म्हणाला. “चर काढला नाय की असं.”

मग चंबळ. पुलावर थांबता येत नाही. पलीकडे ढोलपूरच्या बाजूला गाडी कडेला घेतली आणि चालत थोडं मागे आलो. पुराचं पाणी, तपकिरी, रुंद, आवाज न करता जाणारं. सुसर-मगर काही दिसलं नाही. मी मामाला सांगितलं, ही तीच नदी, परवा गणपती घाट चढल्यावर ज्या डोंगराशेजारून गेलो तिथं निघालेली. आपण सरळ सडकेनं सहाशे किलोमीटर आलो, ती राजस्थानातून कोट्यावरून वळसा घालून आली.

“म्हंजी लांबच्या सडकेनं,” मामा म्हणाला. मग जरा वेळानं, “टोल वाचला तिचा.”

ढोलपूरला लाल दगडांच्या खाणी. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाला इथलाच दगड गेला. शेतात बाजरी उभी होती, चांदवडला सोडून आलेली. मामाला तिचं फार बरं वाटलं. अकरा वाजता आग्र्यात शिरलो. गर्दी, ई-रिक्षा, चिखल. रस्त्याच्या कडेला गटार तुंबलेलं आणि पाणी डांबरावर पसरलेलं. मामानं ते पाहिलं आणि मान फिरवली.

एका चहाच्या टपरीवर थांबलो. मामानं त्याच्या ट्रकवाल्या हिंदीत टपरीवाल्याला विचारलं, “भैया, ये मुंबई रोड इधरसेही चालू होता है ना?”

टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली. “मुंबई? ये तो ग्वालियर रोड है, बाबूजी।”

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ताजमहाल बघायचा का? टपरीवालाच म्हणाला की आज शुक्रवार, बंद असतो.

मामानं चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. पाणी खारं होतं. कप तसाच ठेवून तो उठला. पिशवीत घोटीची एक बाटली उरली होती, ती उघडून त्यानं चूळ भरली आणि उरलेलं मला दिलं.

“चल,” म्हणाला. “उजेड हाय तवर चंबळ मागं टाकू.”

अकरा वाजले होते. अंधाराला आठ तास अवकाश होता. पण ३० वर्षांची सवय. मी काही बोलले नाही, गाडी वळवली.